थंड डोंगर, लाल वाईन आणि आपला पाऊस



भात कापणी उरकत आलीय. खळ्यावर झोडणी चालू होती तेव्हा पुण्याहून पुतण्या आला. आयटीत आहे, सुट्टीला येतो, हाताला काम लागलं की करतो, पण डोक्यात सारखं काहीतरी नवीन. चहा घेताना म्हणाला, "तात्या, डोंगराकडचं दोन एकर वरकस पडून आहे ना? तिथं वाईनची द्राक्षं लावूया. कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या थंड डोंगरावर लाल वाईन होते, एकेक बाटली हजारो रुपयांना जाते. आपला डोंगर पण थंड. वरंध घाट उतरला की महाड, त्याच्या पुढं समुद्र. मग आपल्याकडं का नाही व्हायची?"

मी लगेच नाही म्हणलं नाही. त्याची शिल्लक आणि सोसायटीचं कर्ज मिळून तो हे करणार होता. नुसतं "नाही जमणार" म्हणलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, आणि मलाही कारण नीट सांगता आलं नसतं. म्हणून आठवडाभर रात्री वाचत बसलो. त्यात जे हाती लागलं ते इथं लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या पुतण्याचा नाही. भोर-वेल्ह्यात पडीक वरकस भरपूर आहे, आणि त्यावर काय लावायचं हे सांगणारी माणसं त्याहून जास्त आहेत.

ती वाईन आहे तरी कुठली

पुतण्या ज्या वाईनबद्दल बोलत होता ती कॅलिफोर्नियातल्या सोनोमा किनाऱ्याची. द्राक्षाची जात पिनो नुआर. मूळची फ्रान्सच्या बरगंडी भागातली. साल पातळ, घड लहान आणि गच्च भरलेला. साल पातळ म्हणजे रंग कमी. तिची वाईन गडद काळपट नसते, हातातल्या पेल्यातून पलीकडचं दिसेल इतकी फिकी लाल असते. चव आंबटसर, वास चेरीसारख्या लाल फळांचा, कधी पावसानंतरच्या ओल्या मातीचा. उन्हाळी मुलखात ही जात लावली तर साखर झपाट्यानं चढते, आंबटपणा जातो आणि नुसता मुरंब्यासारखा गोडमट रस हातात येतो. म्हणून तिला थंडी लागते. तिथली थंडी येते समुद्रातून. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. वाऱ्यानं वरचं पाणी बाजूला सरकलं की खालचं अजून थंड पाणी वर येतं. त्यावरून आलेली हवा धुकं घेऊन डोंगरात शिरते. ऐन उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यात अंग भाजत असतं, तेव्हा किनाऱ्याच्या धारेवर माणसं स्वेटर घालून बागेत काम करतात. चांगल्या बागा बऱ्याचशा ९०० फुटांच्या वर, धुक्याच्या थराच्या वरच्या अंगाला आहेत. म्हणजे हवा थंड, पण पानावर ऊन.

आता इतिहास बघा. तिथं पहिली वेल लावली रशियन लोकांनी. सील आणि समुद्री ऊदमांजराच्या कातड्याच्या धंद्यासाठी त्यांनी १८१२ मध्ये फोर्ट रॉस नावाची गढी बांधली, आणि १८१७ मध्ये पेरूहून आणलेली द्राक्षाची रोपं लावली. कातड्याचा धंदा संपला, रशियन १८४१ मध्ये निघून गेले. त्यानंतर त्या धारेवर शंभर-सव्वाशे वर्षं लाकूडतोड आणि मेंढरं. वाईन आतल्या गरम खोऱ्यात वाढली, कारण तिथं पीक हमखास यायचं. किनाऱ्यावर द्राक्षं पिकतच नाहीत असं जाणती माणसं सांगायची. १९७० च्या दशकात काही हट्टी लोकांनी मेंढरांच्या कुरणात परत वेली लावल्या. डेव्हिड हर्श या माणसानं १९८० मध्ये फोर्ट रॉसजवळ पिनो नुआर लावली, ती बाग आज त्या भागातल्या नावाजलेल्या बागांत गणली जाते.

इथपर्यंत वाचलं की पुतण्याचं म्हणणं पटायला लागतं. पडीक डोंगर, मेंढरं, धुकं, लोक म्हणतात होणार नाही, आणि एक हट्टी माणूस. आपल्याकडं काय कमी आहे?

पाऊस किती यापेक्षा पाऊस कधी

त्या किनाऱ्याच्या डोंगरांवर पाऊसही कमी नाही. काही धारांवर वर्षाला २००० मिमीच्या आसपास पडतो. आपल्या भोरच्या मधल्या पट्ट्यातल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. मी स्वतः इथं थबकलो. म्हणलं, एवढ्या पावसात त्यांची द्राक्षं टिकतात तर आपली का नाहीत?

उत्तर महिन्यात आहे. त्यांचा जवळजवळ सगळा पाऊस नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो. तेव्हा वेल झोपलेली असते. पानं गळालेली, डोळे बंद, नुसती काडी. त्या काडीवर कितीही पाऊस पडू द्या, केवडा कशावर येणार? एप्रिलच्या आसपास वेल फुटते आणि तिथून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीपर्यंत आभाळ जवळपास कोरडं. त्यांना धुकं मिळतं, सरी मिळत नाहीत.

आपल्याकडं उलट. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, आणि आपली वेल कधीच झोपत नाही. थंड देशात हिवाळा वेलीला झोपवतो, आपल्याकडं हे काम कात्री करते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून येते ती काडी. मग सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, तिच्यातून येतो तो घड. तोडणी फेब्रुवारी-मार्चला. सांगली, नाशिक, सोलापूरच्या बागायतदाराला हे शिकवायला नको.

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात घड बसतो. म्हणजे ऑक्टोबरला जो घड दिसणार, त्याचा निकाल मे-जूनमध्येच लागलेला असतो. त्या वेळी काडीला ऊन लागलं पाहिजे. ऊन कमी पडलं की डोळ्यात घडाऐवजी बाळी तयार होते. आता केळद, पासली, घिसर, इकडं हिर्डोशी खोरं डोळ्यासमोर आणा. मृगापासून हस्तापर्यंत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, नाचणीसुद्धा पिवळी पडते. छाटणी पुढं-मागं सरकवून घडाचा निकाल मेमध्ये लावून घेतला, तरी पुढं चार महिने नवी पानं आणि हिरवी काडी धुवांधार पावसात उभी राहणार. केवडा, करपा, भुरी हे तिघं मुक्कामालाच येणार. काडी पक्व होणार नाही आणि तिच्यात साठा होणार नाही. पावसाळा संपला की गोडी छाटणी करायची, आणि परतीचा पाऊस नेमका फुलोऱ्यात गाठणार.

म्हणून पुतण्याला पहिली गोष्ट ही सांगितली की थंडी दोन्हीकडं आहे, पाऊसही दोन्हीकडं आहे, पण कॅलेंडर उलटं आहे. कुठल्याही पिकाच्या गोष्टीत "आमच्यासारखीच हवा" असं कोणी म्हणलं तर आधी विचारायचं, पाऊस कुठल्या महिन्यात?

फवारणीचा टाकीतला इतिहास

मग युरोपात पावसाचे मुलूख नाहीत का? आहेत की. फ्रान्सचा बोर्डो भाग समुद्राकाठचाच, दमट, आणि लाल वाईनसाठी जगात नावाजलेला. तिथं उन्हाळ्यातही पाऊस येतो. त्यांच्यावर काय वेळ आली होती ते आपल्या प्रत्येकाच्या शेडमध्ये ठेवलेलं आहे. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून केवडा फ्रान्समध्ये पोचला आणि बागा करपायला लागल्या. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसलं की रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मालक त्यावर मोरचूद आणि चुना शिंपडतात, पानं निळी दिसली की कोणी हात लावत नाही. त्यानं त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. डाळिंबाला, संत्र्याला, सुपारीला आपण जे मारतो ते एका समुद्राकाठच्या वाईनच्या गावानं दिलेलं आहे.

दुसरी गोष्ट जमिनीखालची. त्याच काळात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड अमेरिकेतून युरोपात गेली आणि बागाच्या बागा वाळल्या. उपाय सापडला तो असा की खाली अमेरिकेतल्या जंगली वेलीचा खुंट आणि वर आपल्या जातीचं कलम. आपल्याकडं डॉगरीज खुंट सर्रास वापरतात, तो टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेला. आपण तो घेतला खारवट जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी, पण खुंटावर बाग उभी करायची रीत वाईनवाल्यांच्या संकटातून आलेली आहे.

आपल्या मातीतली लाल वाईन

आता महाराष्ट्राकडं येऊ. वाईन ही कालपरवाची परदेशी खूळ आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला मधु म्हणलंय, आणि कापिशायन, हारहूरक ही त्याची नावं ज्या मुलखातून ते येतं त्यावरून पडली असंही सांगितलंय. कापिशायन म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या कपिशा भागातलं. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक खलाशी पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाईन आहे, आणि इटलीची जास्त चालते, तशीच लाओदिकियाची आणि अरबस्तानची येते असा तपशील आहे. त्या काळातल्या वाईनच्या रोमन कुंभांची खापरं आपल्या नेवाशाच्या उत्खननात सापडली आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा गिऱ्हाईक विचारायचं, "कुठली आहे?" मालाच्या आधी गावाचं नाव.

द्राक्ष पिकवण्याचंही तसंच. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादला येऊन गेला. तिथं द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. एका ओळीत त्यानं दख्खनच्या द्राक्षाचा सगळा स्वभाव पकडला. इथं वेल झोपत नाही.

पुढची गोष्ट सरळ आहे. नाशिक जिल्ह्यात ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्ष लावल्याची नोंद सांगतात. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ झाला. त्याच दशकात थॉमसन सीडलेस आली आणि तासगावपासून पिंपळगावपर्यंत खाण्याच्या द्राक्षाचं राज्य झालं. दोन छाटण्यांचं गणित शेतकऱ्यांनी बागेत पक्कं केलं. वाईन आली ती या तयार पायावर.

पहिला मोठा डाव आपल्याच पुणे जिल्ह्यात पडला. १९८० च्या दशकात श्याम चौगुले यांनी नारायणगावला इंडाज उभी केली. फ्रान्सच्या शँपेन भागातल्या तंत्रज्ञांची मदत घेतली आणि फसफसणारी वाईन काढली. ती ओमर खय्याम नावानं परदेशात विकली गेली.

मग नाशिक. राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकून, नोकरी करून परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आधी आंबा वगैरे करून पाहिलं. १९९७ मध्ये त्यांनी तिथं वाईनच्या जाती लावल्या आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली. त्यांना वाईन बनवायला शिकवणारा माणूस केरी डॅमस्की, तो सोनोमाचाच. पुतण्या ज्या मुलखाचं नाव घेत होता तिथला जाणकार पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच आपल्या राज्यात येऊन गेलाय. त्यानं इथं काय केलं? पिनो नुआरचा हट्ट धरला नाही. सुरुवात पांढऱ्या द्राक्षानं झाली, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. लाल वाईनमध्ये पुढं नाशिकला जम बसला तो शिराझचा. जाड सालीचं, उन्हाला न घाबरणारं द्राक्ष. सोनोमाचा माणूस नाशकात आला आणि सोनोमाची जात मागं ठेवून नाशिकला चालेल ती धरली. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटली.

तिकडं अकलूजला २००७ मध्ये फ्रातेली सुरू झाली. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरच्या भावांची भागी, म्हणून नाव फ्रातेली, इटालियनमध्ये भाऊ. टस्कनीचे पिएरो मासी हे त्यांचे वाईनतज्ज्ञ, त्यांनी आपल्या गावाकडची सांजोवेझे ही लाल जात माळशिरस तालुक्यात लावली. आता हे भोरकरांनी ऐका. आपल्या भाटघरचं पाणी नीरेत उतरतं, वीरवरून उजव्या कालव्यानं फलटण ओलांडून माळशिरस तालुक्यात जातं. ढग आपल्याकडं रिकामे होतात आणि द्राक्ष तिकडं होतं. हे वाचून पहिल्यांदा जरा वाईट वाटलं. मग कळलं, द्राक्षाला हेच पाहिजे असतं. पाणी मुळाशी हवं, ठिबकनं मोजून. आभाळातून नको. दौंड तालुक्यात रोटीजवळ फोर सीझन्सची वायनरी झाली तीही अशाच कोरड्या माळावर.

घाटाच्या सगळ्यात जवळ कोण गेलं तर इगतपुरी तालुक्यातले, सांजेगाव आणि कावनईकडचे. पण तिथंही बागा तालुक्याच्या पूर्वेकडं, पावसाच्या उतरत्या बाजूला. खुद्द इगतपुरी गावाच्या पावसात कोणी शहाणा शिराझ लावत नाही.

आपल्या लाल वाईनचा स्वभाव

युरोपात आणि सोनोमात द्राक्ष पिकत जातं तसा मोसम थंड होत जातो. शेवटच्या महिन्यात साखर हळू चढते, आंबटपणा टिकतो, रंग आणि वास तयार व्हायला वेळ मिळतो. आपल्याकडं मणी रंग धरतो डिसेंबर-जानेवारीत, नाशकात रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात तेव्हा. ही आपली जमेची बाजू. सालीतला रंग थंड रात्रीत चांगला चढतो. पण तोडणी जसजशी जवळ येते तसं ऊन वाढत जातं. फेब्रुवारीचा शेवट आला की साखर पळायला लागते आणि आंबटपणा घसरतो. काळी जमीन आणि जोमदार खुंट असेल तर पालाश रसात जास्त उतरतं, सामू वाढतो, वाईनचा रंग निस्तेज होतो आणि ती टिकायला अवघड जाते. म्हणून वाईनवाले हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन बघतात, खुंट ११० आर सारखा कमी माजणारा घेतात, घड मुद्दाम विरळ ठेवतात, तोडणी पहाटे करतात आणि गरज पडली तर रसात टार्टारिक आम्ल घालतात.

त्यामुळं आपली लाल वाईन सोनोमासारखी फिकी आणि आंबटसर होत नाही. ती गडद, भरीव, पिकल्या काळ्या फळाची, थोडी मिरीसारखी तिखट. हे उणेपण नाही, हा तिचा पिंड आहे. फसते ती तेव्हा, जेव्हा तिला दुसऱ्या मुलखाचा मुखवटा चढवायला जातो.

जे पडलं तेही बघावं

२००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशकात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क केले. वायनऱ्या भराभर निघाल्या. शेतकऱ्यांनी खाण्याच्या बागा काढून वाईनच्या जाती लावल्या, कारण करार होता, भाव ठरलेला होता, फवारण्या आणि मजुरी कमी होती. २००८ मध्ये जगभर मंदी आली, वर्ष संपता संपता मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्यांत आधीची वाईन भरलेली. पुढच्या एक-दोन हंगामात वायनऱ्यांनी माल घेणं कमी केलं, काहींनी बंदच केलं. खाण्याचं द्राक्ष नाही विकलं तर बेदाणा होतो, निदान गावच्या बाजारात टोपली विकता येते. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते कोण खाणार? पुष्कळांनी कुऱ्हाड लावली. नारायणगावचा मोठा कारखानाही त्याच काळात कर्जात बुडाला आणि कोर्टापर्यंत गेला.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून. विरोध झाला आणि ते अडकलं. त्यातल्या बऱ्या-वाईटात मी पडत नाही. ज्या घरात दारूनं माणूस गेलाय त्या घरासमोर मला भाषण करता येणार नाही. मुद्दा एवढाच की हे पीक शेतात उभं राहतं आणि त्याचा भाव मंत्रालयात, हॉटेलात आणि कारखान्याच्या टाकीत ठरतो. घेणारा एक, देणारे शंभर. असलं पीक लावताना कराराचा कागद बियाण्याइतका तपासावा.

नावाची रेघ

शेवटी सोनोमाकडं परत जातो, कारण तिथं जे झालं ते आपल्या तांदळाशी जोडलेलं आहे.

अमेरिकेत वाईनच्या मुलखाची हद्द सरकार आखून देतं. "सोनोमा कोस्ट" ही हद्द १९८७ मध्ये मंजूर झाली, जवळपास पाच लाख एकरांची. एका मोठ्या वायनरीच्या लांब-लांब विखुरलेल्या बागा एका नावाखाली बसाव्यात म्हणून रेघ ऐसपैस ओढली गेली. त्यात समुद्र कधी न पाहिलेला आतला गरम भागही आला. नाव किनाऱ्याचं, माल आतला. धारेवरच्या लोकांना हे सलत राहिलं. त्यांनी पावसाच्या, धुक्याच्या, तापमानाच्या नोंदी जमवल्या, कागद लढवले. आधी २०१२ मध्ये फोर्ट रॉस-सीव्ह्यू ही छोटी हद्द वेगळी निघाली, आणि २०२२ मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट. तिचं क्षेत्र सुमारे एक लाख चाळीस हजार एकर, पण प्रत्यक्ष द्राक्ष हजार एकरांच्या आसपासच. बाटलीला भाव मिळतो तो या कष्टामुळं. थंड हवा फुकट मिळाली, पण तिचं नाव त्यांना पस्तीस वर्षं झगडून मिळवावं लागलं.

आपल्या राज्यात नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे, शेजारच्या पुरंदरच्या अंजिराला आहे, मावळपट्ट्याच्या आंबेमोहोराला आहे. आणि तरीही पुण्याच्या बाजारात "भोरचा इंद्रायणी", "वेल्ह्याचा आंबेमोहोर" म्हणून जी पोती उभी असतात, त्यातली सगळी वरंध किंवा गुंजवणी खोऱ्यातली आहेत असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ आणि आय आर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं काढलेला, १९८७ चा वाण. योगायोग बघा, सोनोमा कोस्टची हद्दही त्याच वर्षीची. तिकडच्यांनी त्या पस्तीस वर्षांत आपली रेघ बारीक करून घेतली. आपण त्याच काळात आपलं नाव दुसऱ्याच्या पोत्यावर जाऊ दिलं.

पुतण्याला काय सांगितलं

पश्चिमेकडच्या वरकसात वाईनचं द्राक्ष नको, हे स्पष्ट सांगितलं. फारच हौस असेल तर नसरापूर, किकवी, सारोळ्याच्या पूर्वेला कोणाच्या निचऱ्याच्या जमिनीत चार ओळी लावून तीन हंगाम बघ. त्याआधी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन जात आणि खुंट विचार, आणि घेणारा कारखाना कोण हे लेखी बघ.

दुसरं सांगितलं की आपल्याकडं लाल-जांभळा रंग द्राक्षात नाही, पण जांभळात आहे, करवंदात आहे. दोन्ही इथलीच, फवारणीशिवाय येतात, आणि पावसाचं कॅलेंडर त्यांनी हजारो वर्षांपूर्वी पाठ केलंय. करवंद पावसाच्या आधी उरकतं, जांभूळ पहिल्या पावसाच्या तोंडावर. अडचण टिकण्याची. जांभूळ झाडावरून उतरलं की दोन दिवसांत ओघळतं. गर काढणं, गोठवणं, सरबत, ही सोय गावात झाली तर त्यात काहीतरी आहे. त्याची वाईनही होते, पण परवान्याशिवाय घरी करणं गुन्हा आहे, तो नाद कोणी करू नये.

तिसरं त्याला काम दिलं. पर्जन्यमापक घेऊन आला आहे. रोजचा पाऊस, धुक्याचे दिवस, रात्रीचं तापमान वहीत लिहायचं, आणि कुठल्या खाचरातला आंबेमोहोर कसा वासाला उतरतो तेही शेजारी लिहायचं. तो म्हणाला, "तात्या, ह्यातनं पैसे कधी मिळणार?" मी म्हणलं, "त्या धारेवरच्यांना पस्तीस वर्षं लागली. तू कॉम्प्युटरवाला आहेस, तुला जरा कमी लागतील."

वही सुरू झालीय. पहिल्या पानावर परवाचं दव लिहिलंय. आपापल्या खोऱ्यात कोणी अशा नोंदी ठेवत असेल, मग त्या जुन्या का असेनात, तर जरूर कळवा. एकत्र लावून बघू.

राम कृष्ण हरी.